काळोख्या अर्थाचा मोह

गेल्या पावसाळ्यात आमची सूनबाई शस्त्रक्रियेसाठी बारा दिवस रुग्णालयात होती. मुलगा दिवसा कचेरीत आणि रात्री रुग्णालयात. घरी आम्ही दोघे म्हातारे आणि नऊ वर्षांची नात. तिचे मन रमावे म्हणून तिच्या आतेभावाने एका दुपारी तिला एक जपानी चित्रपट लावून दिला. मीही शेजारी बसून तो पाहिला. चित्रपट संपला तेव्हा नात प्रसन्न होती आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट जेवली. दोन दिवसांनी मात्र ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, दादा म्हणतो, त्या दोघी बहिणी शेवटी मेलेल्या असतात. त्यांच्या सावल्याच पडत नाहीत म्हणे. खरं आहे का?"

मी नातवाला विचारले. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. ही कल्पना त्याची स्वतःचीही नव्हती; जगभरच्या तरुण रसिकांत ती गेली अनेक वर्षे फिरत आहे आणि तिच्या समर्थनार्थ पुराव्यांची एक यादीच तयार आहे. ती यादी त्याने मला उत्साहाने ऐकवली. त्याच्या बोलण्याचा सूर असा होता की, सरळ गोष्ट पाहणारे भोळे आणि तिच्या तळाशी प्रेत शोधून काढणारे जाणते. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे. एखाद्या प्रसन्न कलाकृतीचा काळोखा अर्थ काढणारा माणूस खरोखरच अधिक खोल पाहत असतो का? आणि पाहत असला, तरी तो अर्थ दुसऱ्याच्या, विशेषतः बालकाच्या, हातात ठेवण्याचा त्याला कितपत अधिकार आहे?

प्रथम चित्रपटाविषयी. 'तोनारी नो तोतोरो', म्हणजे 'शेजारचा तोतोरो', हा हायाओ मियाझाकी यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला चित्रपट १६ एप्रिल १९८८ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला. कथेचा काळ १९५० च्या दशकातला. सात्सुकी ही शाळकरी मुलगी, मेई ही तिची चार वर्षांची बहीण आणि त्यांचे प्राध्यापक वडील खेड्यातल्या एका जुन्या घरात राहायला येतात. आई जवळच्या टेकडीवरील रुग्णालयात दीर्घकाळ आजारी आहे. घरामागे एक प्रचंड कापूरवृक्ष आहे आणि त्याच्या ढोलीत तोतोरो हा केसाळ, लठ्ठ, सुस्त वनदेव राहतो. तो फक्त मुलांनाच दिसतो. एके दिवशी रुग्णालयातून तार येते आणि आईचे घरी येणे लांबते. धाकटी मेई आईसाठी मक्याचे कणीस घेऊन एकटीच रुग्णालयाकडे निघते आणि वाट चुकते. गावकऱ्यांना तळ्यात एक लहानशी चप्पल सापडते. सात्सुकी तोतोरोला शरण जाते; तो बारा पायांची मांजरबस बोलावतो; मेई सापडते. दोघी बहिणी रुग्णालयाबाहेरच्या झाडावर बसून आईवडिलांना बोलताना पाहतात. आईला केवळ सर्दी झाली होती, असे कळते. खिडकीत कणीस ठेवून मुली परततात. शेवटच्या श्रेयनामावलीतील चित्रांत आई घरी आलेली दिसते.

आता यादी पाहू. तोतोरो हा मृत्युदेव आहे आणि ज्याचे मरण जवळ आले त्यालाच तो दिसतो. तळ्यातली चप्पल मेईचीच होती, ती बुडाली. बहिणीला शोधण्यासाठी सात्सुकीने मृत्यूचे दार स्वतःहून उघडले. मांजरबसच्या पाटीवर फिरणाऱ्या नावांत एक नाव 'थडग्याची वाट' अशा अर्थाचे आहे. मेई जेथे सापडते तेथे जिझोच्या मूर्तींची रांग आहे, आणि जिझो हा मेलेल्या बालकांचा रक्षक. शेवटच्या भागात मुलींच्या सावल्या दिसत नाहीत. मुली खोलीत न जाता झाडावरूनच आईला पाहतात, कारण त्या आता या जगात नाहीत. आईला त्या क्षणभर दिसल्यासारख्या वाटतात, कारण तिचाही शेवट जवळ आला आहे. आणि श्रेयनामावलीतील चित्रे या जुन्या आठवणी आहेत.

यादीची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. चित्रपटाची पार्श्वभूमी सायतामा प्रांतातील सायामा टेकड्यांची आहे. त्याच प्रांतातील सायामा येथे १ मे १९६३ रोजी सोळा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचे अपहरण होऊन खून झाला. 'सात्सुकी' हे पाचव्या महिन्याचे जुने जपानी नाव आणि 'मेई' म्हणजे इंग्रजी मे. म्हणून, हा चित्रपट त्या खुनाची गुप्त कहाणी आहे, असे सांगितले जाते.

जिब्ली या चित्रसंस्थेला २००७ मध्ये याविषयी खुलासा करावा लागला. तोतोरो हा मृत्युदेव असल्याच्या किंवा मेई मेल्याच्या कथेत तथ्य नाही. शेवटच्या प्रसंगात सावल्या काढण्याची गरज वाटली नाही म्हणून त्या काढल्या नाहीत, एवढेच. वस्तुतः येथे विषय संपायला हवा होता. पण तो संपला नाही, आणि संपू नये हेही मला काही अंशी मान्य आहे. कलाकृती एकदा लोकांपुढे आली की तिचा अर्थ कर्त्याच्या मालकीचा राहत नाही. रोलाँ बार्त या फ्रेंच समीक्षकाने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, त्याच्या हजार वर्षे आधी आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त शब्दांच्या पलीकडे उमटणाऱ्या ध्वनीला काव्याचा आत्मा ठरवले होते. तेव्हा कर्ता नाही म्हणतो, एवढ्याने मी नातवाला गप्प करणार नाही. पुरावा तपासला पाहिजे.

सावल्यांचे उत्तर वर आलेच आहे. चप्पल सापडते तेव्हा सात्सुकी स्वतः ती पाहून मेईची नाही असे सांगते. तिला खोटे ठरवण्यास कोणताच आधार चित्रपटात नाही. पाटीवर थडग्याच्या वाटेचे नाव आहे खरे, पण तेथे इतरही नावे आहेत आणि शेवटचे नाव 'मेई' हेच आहे. आपल्याकडेही शहरबसचा एखादा थांबा स्मशानाजवळ असतो. तेथे उतरणारे बहुतेक लोक शेजारच्या वस्तीत राहतात. जिझो हा बालकांचा रक्षक आहे तसाच तो वाटसरूंचाही रक्षक आहे. आपल्या वेशीवरच्या मारुतीसारखा तो जपानी खेड्यांच्या रस्त्यांवर उभा असतो. वाट चुकलेले मूल त्याच्या पायाशी बसलेले दाखवण्यात सुरक्षिततेची खूण आहे. नावांचे म्हणाल तर आरंभीच्या कल्पनाचित्रांत एकच मुलगी होती. पुढे तिच्या दोन बहिणी झाल्या. बसथांब्यावर तोतोरोशेजारी एकटी मुलगी उभी असलेले जुने भित्तिचित्र आजही पाहता येते. एकाच व्यक्तिरेखेच्या दोन वाटण्या झाल्या, म्हणून दोघींच्या नावात एकच महिना राहिला. आणि कथा १९५० च्या दशकातली असताना तिला १९६३ च्या घटनेची गुप्त नोंद कसे म्हणावे?

परंतु एकेक पुरावा खोडल्याने अर्थ सिद्ध होत नाही. समग्र कृती काय म्हणते, हे ठरवण्याची रीत आपल्या मीमांसकांनी घालून दिली आहे. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी त्यांनी सहा लिंगे सांगितली: उपक्रमोपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. वेदवाक्यांसाठी केलेली ही व्यवस्था बालचित्रपटाला लावणे काहींना अतिरेकी वाटेल, पण मला ती उपयोगी पडली. उपक्रम काय? आईच्या रुग्णालयाजवळ राहता यावे म्हणून बिऱ्हाड हलवणारे कुटुंब. उपसंहार काय? आईचे घरी येणे. अभ्यास, म्हणजे पुनरावृत्ती, कशाची आहे? वाट पाहण्याची. मुली पावसात वडिलांच्या बसची वाट पाहतात, पेरलेल्या बियांना अंकुर फुटण्याची वाट पाहतात आणि सतत आईची वाट पाहतात. अपूर्वता कोणती? असा देव, जो आजार बरा करीत नाही, भविष्य सांगत नाही, फक्त पावसात छत्री घेऊन तुमच्या शेजारी उभा राहतो. अर्थवाद त्या वृक्षाचा आहे; वडील मुलींना घेऊन त्याच्यापुढे वाकून नमस्कार करतात. उपपत्ती अशी की, तारेचे कारण शेवटी साधी सर्दी निघते. मुली मेल्या असत्या तर हा खुलासा निरर्थक ठरला असता. राहिले फल, त्याकडे मी शेवटी येईन. सहांपैकी पाच लिंगे एकाच दिशेला बोट दाखवतात आणि ती दिशा स्मशानाची नाही.

येथे एक आक्षेप येईल. मुलांच्या गोष्टीत मृत्यू नको, असे तुमच्या पिढीला वाटते, म्हणून तुम्ही हे लिहिता. हा आक्षेप मला लागू पडत नाही. ग्रिम बंधूंनी १८१२ पासून प्रसिद्ध केलेल्या कथांत मुलांना रानात सोडणारे आईबाप आहेत, आणि असा काळोख मुलांना स्वतःच्या भीतीशी ओळख करून घ्यायला मदत करतो, असे ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात मांडले. आपल्याकडे साने गुरुजींनी 'श्यामची आई'त आईचे मरण मुलांपासून लपवले नाही. तीन पिढ्या ते वाचून रडल्या आणि त्या रडण्याने कोणाचे वाईट झाले नाही. आणखी एक गोष्ट तर फारच बोलकी आहे. 'तोतोरो' ज्या दिवशी प्रदर्शित झाला, त्याच दिवशी त्याच्या जोडीने, एकाच खेळात, त्याच संस्थेचा 'काजव्यांचे थडगे' हा इसाओ ताकाहाता यांचा चित्रपट दाखवला गेला. अकियुकी नोसाका यांच्या १९६७ च्या कथेवरील या चित्रपटात युद्धकाळात अनाथ झालेले भाऊबहीण उपासमारीने मरतात. नोसाकांची स्वतःची धाकटी बहीण १९४५ मध्ये तशीच गेली होती. म्हणजे मुलांचा मृत्यू सांगायचा असेल तेव्हा या कलावंतांनी तो उघड्या डोळ्यांनी, नाव घेऊन सांगितला. ज्यांना तो सांगता येतो, त्यांनी तो शेजारच्या चित्रपटात सावल्यांमागे दडवून ठेवण्याचे कारण काय?

मग या उपपत्तीत काहीच तथ्य नाही का? आहे, आणि ते मान्य करणे मला महत्त्वाचे वाटते. या चित्रपटात मृत्यूची छाया निश्चित आहे. तार आल्यानंतर शहाणीसुरती सात्सुकी शेजारच्या आजीपुढे कोसळते आणि आई मेली तर काय, म्हणून हमसून रडू लागते. त्या क्षणी प्रेक्षकाच्याही पोटात खड्डा पडतो. मियाझाकींच्या बालपणी त्यांच्या आईला पाठीच्या कण्याचा क्षय झाला होता आणि ती कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून होती. पुढे ती त्यातून उठली. ज्या घरात आई मरेल की वाचेल हे वर्षानुवर्षे ठाऊक नसते, त्या घरात वाढलेल्या मुलाने ही गोष्ट सांगितली आहे. काळोखी उपपत्ती मांडणाऱ्यांना ही छाया जाणवली, येथपर्यंत त्यांची नजर खरी आहे. चूक पुढे होते. छाया दिसताच ते तिला प्रेत समजतात. खरे पाहता चित्रपट कोणतीच खात्री देत नाही. आई या खेपेस सर्दीवर निभावली. पुढे काय होईल हे सात्सुकीला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. या न कळण्यात राहणे सर्वांत कठीण असते. रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या कोणालाही विचारा. वाईट बातमीपेक्षा बातमी न येणे अधिक छळते. मुली मेल्याच असे ठरवले की हा छळ संपतो. म्हणून मला वाटते की काळोखा अर्थ काढणे हे दिसते तेवढे धैर्याचे काम नाही. अनिश्चिततेतून सुटण्याची ती एक सोयीची वाट आहे. आंधळा आशावाद जसा सुटका देतो, तशीच आंधळी निराशाही देते.

विसाव्या शतकाने आपल्याला संशय घ्यायला शिकवले. पॉल रिकर या तत्त्वचिंतकाने मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांना संशयाचे आचार्य म्हटले. दिसते त्यामागे सत्ता, स्वार्थ, वासना काय दडले आहे ते पाहा, ही त्यांची शिकवण; आणि ती नसती तर कितीतरी अन्याय झाकलेलेच राहिले असते. पण संशय हे हत्यार आहे. त्याला सत्याचे माप मानले की घोटाळा होतो. याविषयी मी अनुभवाने बोलतो. शासकीय सेवेत असताना एका जिल्हा कार्यालयातील भांडाराची चौकशी माझ्याकडे आली. पूरग्रस्तांसाठी आलेल्या चाळीस ताडपत्र्या साठ्यात कमी भरत होत्या. भांडारपालाने त्याच सुमारास नवी स्कूटर घेतली होती. मालवाटपाच्या दुसऱ्या दिवशी तो रजेवर होता. प्रश्न विचारताच तो अडखळत होता. एकेक तपशील दुसऱ्याला चपखल बसत गेला आणि मला माझ्या चाणाक्षपणाचा अभिमान वाटू लागला. मी अपहाराचा संशय नोंदवला, माणूस निलंबित झाला. चार महिन्यांनी एका कनिष्ठ लिपिकाने दाखवून दिले की साठा नोंदवहीच्या एका पानावरील वाटपाची बेरीज पुढच्या पानावर ओढलीच गेली नव्हती. ताडपत्र्या पूरग्रस्तांना केव्हाच मिळाल्या होत्या. स्कूटर सासऱ्यांनी दिली होती आणि अडखळणे हा त्या गृहस्थांचा जन्माचा स्वभाव होता. ते कामावर परत आले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण माझ्याकडे पाहून हसणे मात्र कायमचे सोडले. सावल्या काढण्याची गरज वाटली नाही, हे संस्थेचे साधे उत्तर ऐकताना मला ती न ओढलेली बेरीज आठवली. जगातील बरीच सत्ये इतकीच सपक असतात. आपल्याला ती पुरत नाहीत, हा दोष सत्याचा म्हणता येणार नाही.

ही केवळ अर्थाची करमणूक असती तर मी एवढे लिहिलेही नसते. पण सायामाची ती मुलगी खरोखर मेली. त्या खुनासाठी काझुओ इशिकावा या चोवीस वर्षांच्या तरुणाला पकडण्यात आले. तो बुराकू, म्हणजे जपानमधील पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यासारखे वागवले गेलेल्या, समाजातला, शिक्षण जेमतेम. कोठडीत त्याने कबुली दिली आणि वरच्या न्यायालयात ती नाकारली. १९६४ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली, १९७४ मध्ये तिची जन्मठेप झाली आणि डिसेंबर १९९४ मध्ये, एकतीस वर्षांहून अधिक काळ बंदिवासात काढल्यावर, तो पॅरोलवर सुटला. मी निर्दोष आहे, माझा खटला पुन्हा चालवा, असे म्हणत म्हणतच मार्च २०२५ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी तो वारला. एका मुलीचे मरण आणि एका माणसाचे उभे आयुष्य, यांचा उपयोग 'तुला एक गंमत सांगू का' म्हणून व्हावा, हे मला अशोभनीय वाटते. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले. अर्थ लावणाऱ्यालाही औचित्य सांभाळावे लागते, असे त्यात मी माझ्या पदरचे जोडतो. नातवाला हे इशिकावांचे प्रकरण ठाऊक नव्हते. ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता. खरा काळोख येथे होता, आणि काळोख शोधणाऱ्यांच्या यादीत त्याला जागा मिळाली नव्हती.

आता राहिलेले लिंग, फल. त्याच सायामा टेकड्यांवर शहरे वाढू लागली, झाडे तुटू लागली. तेव्हा १९९० मध्ये तेथील नागरिकांनी तोतोरोच्या नावाने निधी उभारायला सुरुवात केली आणि १९९१ मध्ये वर्गणीच्या पैशांतून जंगलाचा पहिला तुकडा विकत घेतला. आजवर असे पन्नासहून अधिक तुकडे राखले गेले आहेत. ज्यांनी गोष्ट जशी सांगितली तशी ऐकली, त्यांच्या हातून एक अरण्य वाचले. काळोख्या अर्थाने अंगावर काटा आणला, पण त्यातून पुढे काही उगवल्याचे मला दिसले नाही. मीमांसकांच्या दृष्टीने हा निर्णायक पुरावा आहे की नाही, हे जाणकारांनी ठरवावे. मला तो पुरेसा वाटतो.

नातीला मी त्या दिवशी काय उत्तर दिले, हे सांगायचे राहिले. 'नाही, त्या जिवंत आहेत' एवढेच म्हटले असते तर तिने मान डोलावली असती आणि मनात शंका ठेवली असती; कारण तिने मेईविषयी विचारले असले तरी ती विचारत होती कोणाविषयी, हे मला कळत होते. आम्ही दोघांनी शेवटचा भाग पुन्हा लावला. चप्पल तिनेच पाहिली, कणीस तिनेच पाहिले, शेवटच्या चित्रांतली आई तिनेच मला बोट लावून दाखवली. मग म्हणाली, "पण ती पुन्हा आजारी पडली तर?" मी म्हटले, "पडू शकते बाळा. ते त्यांनाही माहीत नाही. म्हणून तर त्या झाडावर बसून तिला बघून आल्या." ती थोडा वेळ विचारात पडली. मग आत जाऊन वही घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी आईकडे न्यायचे चित्र काढायला बसली. त्यात दोन मुली झाडाच्या फांदीवर बसल्या होत्या. त्यांच्या सावल्या काढायला ती विसरली होती. मी तिला सांगितले नाही.